छायाप्रत आणि लेखाधिकार

ग्रंथ, नियतकालिक, नकाशा किंवा हस्तलिखित यांतील मजकुराची प्रकाश व विद्युत् भार यांच्या साहाय्याने यंत्रावर काढलेली हुबेहूब प्रत म्हणजे छायाप्रत होय. महाराष्ट्रात ती सर्रास ‘झेरॉक्स’ या नावाने ओळखली जाते. वस्तुतः ते एका अमेरिकन कंपनीचे नाव आहे. ग्रंथकर्त्याला आपल्या कृतीच्या प्रती काढण्याचा, त्या प्रसिद्ध करण्याचा आणि कृतीचे भाषांतर वा रूपांतर करण्याचा जो अनन्य अधिकार कायद्याने ठराविक मुदतीपुरता दिलेला असतो, त्यास लेखाधिकार किंवा कॉपीराइट म्हणतात. वाचकाने स्वतःच्या अभ्यासासाठी ग्रंथातील मजकूर उतरवून घेणे हे या अधिकाराचे उल्लंघन ठरते की नाही, हा प्रश्न दोन शतकांहून अधिक काळ फारसा उपस्थित झाला नाही. हाताने उतरवून घेण्यास लागणारे श्रम व वेळ हीच प्रकाशकाच्या हिताची पुरेशी राखण होती. छायाप्रत यंत्राने ते श्रम नाहीसे केले आणि कायद्याने गृहीत धरलेली एक मर्यादा त्यांबरोबर नाहीशी झाली. ती मर्यादा पुन्हा कोठे आखावी, याविषयीचे वाद व निर्णय हाच या विषयाचा इतिहास होय.

मुद्रणपूर्व काळ : मुद्रणकला येण्यापूर्वी ग्रंथाची प्रत करणे हा अपराध नव्हता; ते पुण्यकृत्य मानले जाई. भारतात शास्त्रदानाला धार्मिक महत्त्व होते. जैन भांडारांतील हजारो पोथ्या श्रावकांनी लेखकांना द्रव्य देऊन लिहवून घेतलेल्या आहेत. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, स्थळ व तिथी नोंदवी आणि पाणी, तेल व ढिली बांधणी यांपासून पोथी जपावी, अशी वाचकास विनंती करी. मूळ ग्रंथकाराची किंवा त्याच्या वंशजांची अनुमती घेण्याचा प्रश्न उद्‌भवत नसे. चिंता असे ती पाठाच्या शुद्धतेची. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ जितका अधिक उतरविला जाईल तितका तो टिकण्याचा संभव अधिक, ही हस्तलिखितांच्या युगातील स्थिती होती. लेखकाचा चरितार्थ ग्रंथविक्रीवर अवलंबून नसून राजाश्रय, दक्षिणा किंवा मठमंदिरांचे साहाय्य यांवर चाले, हेही त्यामागील एक कारण होय.

मुद्रण व लेखाधिकाराचा उदय : मुद्रणामुळे एका खिळाजुळणीतून हजारो प्रती निघू लागल्या, पण त्यासाठी कागद, खिळे व मजुरी यांत आधी भांडवल गुंतवावे लागे. दुसऱ्या मुद्रकाने तोच ग्रंथ छापून स्वस्तात विकल्यास पहिल्याचे भांडवल बुडे. या स्पर्धेतून लेखाधिकाराचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या कारकीर्दीत १७१० साली अंमलात आलेल्या कायद्याने ग्रंथाचा मुद्रणाधिकार प्रथमच लेखकाकडे दिला. त्याची मुदत चौदा वर्षे असून लेखक हयात असल्यास ती आणखी चौदा वर्षे वाढे. विद्येस उत्तेजन देणे हा हेतू त्या कायद्याच्या शीर्षकातच नमूद केलेला होता. हा अधिकार कायमस्वरूपी आहे, असा दावा लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांनी पुढे केला; तथापि ‘डोनाल्डसन विरुद्ध बेकेट’ या खटल्यात १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो फेटाळला. अधिकार मुदतबंद असावा आणि मुदत संपताच ग्रंथ समाजाच्या मालकीचा व्हावा, हे तत्त्व तेव्हापासून स्थिर झाले.

या सर्व काळात कायद्याचा रोख प्रतिस्पर्धी मुद्रकाकडे होता, वाचकाकडे नव्हता. भारतात १८४७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत पहिला लेखाधिकार अधिनियम झाला. त्यानंतरच्या काळात न्यायालयांपुढे आलेले अनेक तंटे शालेय व विद्यापीठीय पुस्तकांचे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. यांपैकी मुंबईतून उद्‌भवलेला ‘मॅकमिलन विरुद्ध कूपर’ हा खटला प्रसिद्ध आहे. प्लूटार्कने लिहिलेल्या अलेक्झांडरच्या चरित्राचे सर टॉमस नॉर्थकृत सोळाव्या शतकातील इंग्रजी भाषांतर संक्षिप्त करून व त्यास टीपा जोडून मॅकमिलन कंपनीने विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध केले होते. त्याच धर्तीचे पुस्तक मुंबईच्या के. अँड जे. कूपर या संस्थेने काढले. हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. जुन्या भाषांतरातील काही भाग गाळून उरलेला मजकूर सलग केल्याने नवा लेखाधिकार निर्माण होत नाही, परंतु संपादकाने परिश्रमपूर्वक लिहिलेल्या टीपांस तो मिळतो, असा निर्णय १९२३ मध्ये देण्यात आला. परीक्षेचे पुस्तक कोणी व किती किंमतीस पुरवावे, हा वाद भारतात छायाप्रत यंत्र येण्यापूर्वीपासून चालत आलेला आहे, हे यावरून दिसून येते.

हातप्रत व न्याय्य व्यवहार : उतारे घेणे, टिपणे काढणे व समीक्षेसाठी अवतरणे देणे यांशिवाय विद्याव्यवहार चालू शकत नाही, हे न्यायालयांनी प्रारंभीच ओळखले होते. अमेरिकन न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी (१७७९–१८४५) यांनी जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्रसंग्रहाविषयीच्या खटल्यात १८४१ साली काही कसोट्या सांगितल्या. घेतलेल्या भागाचे स्वरूप व हेतू, त्याचे प्रमाण व महत्त्व आणि त्यामुळे मूळ ग्रंथाच्या विक्रीस पोहोचणारी हानी या त्या कसोट्या होत. ब्रिटिश संसदेने १९११ च्या अधिनियमात खाजगी अभ्यास, संशोधन, समीक्षा, परीक्षण व वृत्तपत्रीय सारांश यांसाठी केलेला ‘न्याय्य व्यवहार’ उल्लंघन मानला जाणार नाही, असे स्पष्ट कलम घातले. भारताच्या १९१४ च्या अधिनियमाने हाच कायदा काही फेरफारांसह येथे लागू केला.

खाजगी अभ्यास म्हणजे एका व्यक्तीने एका टेबलाशी बसून केलेला अभ्यास, हे या तरतुदीमागील चित्र होते. प्रारंभीच्या छायाचित्रण पद्धतींनी त्यास फारसा धक्का बसला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलेले फोटोस्टॅट यंत्र मोठे व खर्चिक असून ते ग्रंथालये व कचेऱ्या यांपुरते मर्यादित राहिले. तरीही अमेरिकेत १९३५ मध्ये ग्रंथप्रकाशकांची संघटना व संशोधन साधनांविषयीची विद्वानांची समिती यांच्यात एक समझोता झाला. त्यास ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे म्हणत. ग्रंथ उसना देण्याऐवजी किंवा हाताने उतरवून घेण्याऐवजी ग्रंथालयाने अभ्यासकास एक छायाचित्रित प्रत नफा न घेता दिल्यास प्रकाशकांनी हरकत घेऊ नये, असे त्यात ठरले. यंत्राची प्रत ही हातप्रतीच्या जागी आलेली वस्तू आहे, ही कल्पना येथे प्रथमच शब्दबद्ध झाली. पुढील सर्व वादांचे मूळ तीतच आहे.

छायाप्रत यंत्र : शुष्क छायाप्रतीकरणाचा शोध चेस्टर कार्लसन (१९०६–६८) या अमेरिकन संशोधकाने लावला. एका कंपनीच्या एकस्व विभागात काम करीत असताना तो रात्रीच्या वर्गात कायद्याचा अभ्यास करी. कायद्याची पुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो त्यांतील उतारे हाताने लिहून काढीत असे. कचेरीतील कागदपत्रांच्या प्रतींची सततची गरज आणि हे कष्ट यांतून त्याला सोप्या प्रतीकरणाची निकड जाणवली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात ओटो कोर्नाय या साहाय्यकासह त्याने पहिली प्रत काढली. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी घर्षणाने विद्युत् भारित करून तिच्यावर अक्षरे लिहिलेल्या काचेतून प्रकाश पाडण्यात आला. प्रकाश पडलेल्या भागातील भार नष्ट झाला आणि अक्षरांच्या छायेखालील भार तसाच राहिला. त्यास चिकटलेली भुकटी मेणकागदावर उतरवून उष्णतेने पक्की करण्यात आली.

अनेक कंपन्यांनी नाकारलेल्या या शोधावर १९४४ पासून ओहायओ राज्यातील बॅटेल संस्थेत संशोधन झाले. नंतर हॅलॉइड या कंपनीने त्याच्या विकासाचे काम हाती घेतले. हीच कंपनी पुढे झेरॉक्स या नावाने प्रसिद्धीस आली. १९५९ मध्ये तिने ‘९१४’ हे यंत्र बाजारात आणले. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब कागदापर्यंतची प्रत ते काढू शके, म्हणून त्यास हे नाव मिळाले. साध्या कागदावर, ओल्या रसायनांशिवाय आणि केवळ कळ दाबून प्रत निघू लागल्याने कोणीही वाचक स्वतःचा मुद्रक होऊ शकला. भारतात मोदी झेरॉक्स ही संयुक्त कंपनी १९८३ मध्ये स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकात न्यायालये, तहसील कचेऱ्या व महाविद्यालये यांच्या परिसरात छायाप्रतींची लहान दुकाने मोठ्या संख्येने उभी राहिली आणि ‘झेरॉक्स’ हा शब्द मराठीत सामान्यनाम बनला.

पाश्चात्त्य देशांतील वाद : यंत्राविषयीचा पहिला महत्त्वाचा खटला वैद्यकीय नियतकालिकांवरून झाला. बॉल्टिमोर येथील विल्यम्स अँड विल्किन्स या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था व राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय यांच्याविरुद्ध १९६८ मध्ये दावा लावला. या संस्था संशोधकांना लेखांच्या छायाप्रती मोठ्या प्रमाणावर देत असत. संबंधित न्यायालयाने १९७३ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी शासनाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात १९७५ मध्ये चार विरुद्ध चार अशी समान मतविभागणी झाल्यामुळे तो निकाल कायम राहिला. पण तत्त्वाचा निर्णय लागला नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या अधिनियमाने न्याय्य वापराच्या कसोट्या प्रथमच संहितेत आणल्या आणि वर्गात वाटण्यासाठी काढलेल्या अनेक प्रतींचा त्यांत उल्लेख केला. सोबत मान्य झालेल्या मार्गदर्शक सूत्रांत मात्र गद्य उताऱ्यासाठी एक हजार शब्द किंवा कृतीचा दहावा हिस्सा यांपैकी जे कमी असेल ते, अशी कडक मर्यादा सुचविण्यात आली होती.

प्राध्यापकांनी निवडलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकण्याची पद्धत पुढे रूढ झाली. अशा संचांविरुद्ध प्रकाशकांनी किंकोज या दुकानसाखळीवर लावलेला दावा १९९१ मध्ये, तर मिशिगनमधील एका छायाप्रत संस्थेवरील दावा १९९६ मध्ये प्रकाशकांच्या बाजूने निकालात निघाला. विद्यार्थ्याचा हेतू शैक्षणिक असला, तरी प्रत काढणारा दुकानदार नफ्यासाठी काम करतो, या मुद्द्यावर दोन्ही न्यायालयांनी भर दिला. जर्मनीने वेगळा मार्ग पत्करला. तेथे खाजगी प्रतीस मोकळीक ठेवून १९६५ मध्ये ध्वनिमुद्रण यंत्रांवर व १९८५ मध्ये छायाप्रत यंत्रांवर भरपाईचा आकार बसविण्यात आला. जमा झालेली रक्कम लेखक व प्रकाशक यांच्या संस्थेमार्फत वाटली जाते. ब्रिटनमध्ये १९८३ पासून सामूहिक परवाने देणारी संस्था काम करू लागली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये, टोराँटो येथील वकिलांच्या ग्रंथालयाविषयीच्या खटल्यात, न्याय्य व्यवहार हा केवळ अपवाद नसून तो वापरकर्त्याचा हक्क आहे, असे प्रतिपादन केले.

भारतीय कायदा : स्वातंत्र्योत्तर भारताचा लेखाधिकार अधिनियम १९५७ मध्ये संमत होऊन जानेवारी १९५८ मध्ये अंमलात आला. लेखकाची हयात व त्यानंतरची पन्नास वर्षे अशी मूळची मुदत होती. रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत असताना ती सर्वच कृतींसाठी साठ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. अधिनियमाच्या बावन्नाव्या कलमात उल्लंघन न ठरणाऱ्या कृत्यांची यादी आहे. प्रारंभी त्यात ‘संशोधन किंवा खाजगी अभ्यास’ असे शब्द होते. १९९४ च्या दुरुस्तीने त्यांच्या जागी संशोधनासह ‘खाजगी वापर’ हे व्यापक शब्द आले आणि २०१२ मध्ये त्यांस ‘वैयक्तिक’ या शब्दाची जोड मिळाली. शिक्षक किंवा विद्यार्थी यांनी अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतीकरणास याच कलमात स्वतंत्र सूट आहे. तीत पृष्ठांची वा शब्दांची मर्यादा घातलेली नाही. उलट, शाळांसाठी तयार केलेल्या व प्रसिद्ध होणाऱ्या उताऱ्यांच्या संग्रहात एकाच लेखकाचे दोनांहून अधिक उतारे एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत घेऊ नयेत, अशी निश्चित मर्यादा आहे. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या वापरासाठी करता येतात. मूळ प्रत संग्रही असल्यास तिच्या जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभाही ग्रंथालयास २०१२ पासून आहे. त्याच वर्षी अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपातील प्रतींस सूट मिळाली. अंधांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारे पहिले राष्ट्रही भारतच होय.

या तरतुदींमागे आंतरराष्ट्रीय राजकारणाची पार्श्वभूमी आहे. पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध होणारे वैज्ञानिक व तांत्रिक ग्रंथ नवस्वतंत्र देशांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर होते. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत विकसनशील देशांनी सवलतींची मागणी लावून धरली आणि १९७१ मध्ये पॅरिस येथे बर्न करारास सवलतींची मर्यादित पुरवणी जोडण्यात आली. तीस अनुसरून भारताने १९८३ मध्ये सक्तीच्या परवान्याची व्यवस्था केली. विज्ञान व तंत्रविद्या या विषयांवरील ग्रंथ प्रकाशनानंतर तीन वर्षांत, ललित साहित्य सात वर्षांत व इतर ग्रंथ पाच वर्षांत भारतात वाजवी किंमतीस उपलब्ध न झाल्यास, अध्यापनाच्या उपयोगासाठी त्यांच्या पुनर्मुद्रणाचा परवाना मागता येतो. तथापि ही प्रक्रिया इतकी दीर्घ व किचकट आहे की, व्यवहारात ग्रंथांची उणीव भरून निघाली ती परवान्यांनी नव्हे, तर छायाप्रतींच्या दुकानांनी.

दिल्ली विद्यापीठ खटला : या परिस्थितीची न्यायालयीन परीक्षा ऑक्सफर्ड व केंब्रिज ही विद्यापीठ मुद्रणालये आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात झाली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान व दिल्ली विद्यापीठ हे प्रतिवादी होते. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनातील प्रकरणांचे संच हे दुकान विद्यार्थ्यांना विकत असे. विद्यापीठाशी झालेल्या करारानुसार दर पृष्ठास ४० पैसे असा दर ठरलेला असून, जागेच्या मोबदल्यात दुकानदार विद्यापीठास दरमहा ठराविक प्रती विनामूल्य काढून देई. हे विनापरवाना प्रकाशनच आहे, असे प्रकाशकांचे म्हणणे होते. परवाना देणारी संस्था भारतात उपलब्ध असून विद्यापीठाने तिचे अल्प शुल्क भरावे, असाही त्यांचा आग्रह होता. विद्यार्थी व शिक्षक यांच्या संघटना खटल्यात सामील झाल्या. ज्यांच्या ग्रंथांतील भाग संचांत घेतले होते त्यांपैकी काही ग्रंथकारांनीही प्रकाशकांच्या भूमिकेशी असहमती दर्शविली; अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना दावा न चालविण्याची विनंती केली होती.

न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. लेखाधिकार हा नैसर्गिक वा दैवी हक्क नसून तो समाजाच्या बौद्धिक उन्नतीसाठी कायद्याने निर्माण केलेला आहे, असे त्यांनी म्हटले. विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात बसून जे हाताने उतरवून घेतले असते तेच यंत्राने घेतले, तर केवळ साधन बदलल्यामुळे कृत्य अवैध होत नाही, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग व योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी हे तत्त्व मुख्यतः मान्य केले. अध्यापनाचा ओघ म्हणजे केवळ वर्गातील तास नव्हे, त्यात सत्रभराची तयारी व वाचन यांचाही अंतर्भाव होतो, असा अर्थ खंडपीठाने लावला. प्रत काढण्याचे काम दुकानदाराकरवी करून घेतल्याने ती शिक्षकाची वा विद्यार्थ्याची प्रत राहत नाही, असेही होत नाही. घेतलेला भाग अध्यापनाच्या प्रयोजनाने समर्थनीय ठरतो का, एवढीच कसोटी खंडपीठाने ठेवली. टक्केवारीचा दंडक नाकारला. मात्र संचांतील साहित्य त्या प्रयोजनास खरोखर आवश्यक होते का आणि संपूर्ण पुस्तकांच्या प्रती काढणे कितपत समर्थनीय आहे, हे प्रश्न पुराव्याच्या आधारे ठरविण्यासाठी प्रकरण पुन्हा एकल न्यायमूर्तींकडे पाठविण्यात आले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. परवाना देणाऱ्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिकाही मे २०१७ मध्ये फेटाळली गेली. त्यामुळे संपूर्ण पुस्तकाच्या छायाप्रतीचा प्रश्न अनिर्णित राहिला.

अमेरिकन व भारतीय निर्णयांतील भेद येथे स्पष्ट होतो. अमेरिकन न्यायालयांनी यंत्र चालविणाऱ्याच्या नफ्याकडे पाहिले. भारतीय न्यायालयाने प्रत कोणाच्या कामासाठी निघाली याकडे पाहिले आणि दुकानदार हा विद्यार्थ्याचाच लांबलेला हात मानला.

वैयक्तिक प्रत व वाटप : दिल्लीच्या निर्णयाचा अर्थ सर्व प्रकारच्या छायाप्रती मुक्त झाल्या, असा केला जातो; तो बरोबर नाही. निर्णय अध्यापनासाठीच्या सवलतीपुरता आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी एखादे प्रकरण वा लेख उतरवून घेणे हे वैयक्तिक वापराच्या तरतुदीत सामान्यतः बसते. परंतु बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाची पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत काढणे हा ‘न्याय्य’ व्यवहार आहे, असा सर्वसाधारण निर्वाळा भारतीय न्यायालयांनी दिलेला नाही. विकत घेतलेली प्रत मित्रास वाचावयास देणे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकणे हे पूर्णतः वैध आहे, कारण एकदा चलनात आलेल्या प्रतीवर लेखकाचा वितरणाधिकार चालत नाही. त्याच पुस्तकाच्या प्रती काढून वाटणे ही मात्र निराळी गोष्ट होय. तेथे वैयक्तिक वापराची सीमा ओलांडली जाते. विक्रीसाठी बनावट प्रती छापणे हा तर दखलपात्र गुन्हा असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे.

मराठी ग्रंथव्यवहार : परदेशी विद्यापीठीय प्रकाशनसंस्था व मराठी प्रकाशक यांना एकाच मापाने मोजता येत नाही. गंभीर विषयांवरील मराठी पुस्तकाची आवृत्ती काही शे ते हजार-दोन हजार प्रतींची असते. अशा पुस्तकाच्या शंभर छायाप्रती निघाल्या, तर दुसऱ्या आवृत्तीची शक्यता मावळू शकते आणि हानी पोहोचते ती थेट लेखकास व लहान प्रकाशकास. दुसऱ्या बाजूने, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील असंख्य मराठी ग्रंथ दीर्घकाळ पुनर्मुद्रित झालेले नाहीत. त्यांचे लेखक दिवंगत आहेत, काहींच्या वारसांचा शोध लागत नाही आणि आम्लयुक्त कागदावर छापलेल्या प्रतींचा भुगा होत आहे. तेथे छायाप्रत ही ग्रंथाची शत्रू नसून अखेरची राखणदार ठरते. मोडी दफ्तरांच्या अभ्यासकांसही एक तरतूद उपकारक आहे. सार्वजनिक संग्रहातील अप्रकाशित कागदपत्रांची प्रत संशोधन वा खाजगी अभ्यासासाठी घेता येते. लेखक ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लोटलेली असावी, एवढीच अट आहे. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांस ती सहज लागू होते. बाजारात असलेला ग्रंथ व दुर्मिळ झालेला ग्रंथ यांत कायद्याने केलेला हा भेद मराठी वाचकाने ध्यानी घेण्याजोगा आहे.

अंकीय युग : एकविसाव्या शतकात छायाप्रत यंत्राची जागा क्रमवीक्षक व भ्रमणध्वनीतील कॅमेरा यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली. छायाप्रतीस निदान दर पृष्ठाचा खर्च येई. प्रतीवरून घेतलेली प्रत अधिक फिकट होई. अंकीय प्रतीस या दोन्ही मर्यादा नाहीत. एकदा तयार झालेली धारिका एका क्षणात सहस्रावधी वाचकांकडे जाऊ शकते. संशोधनपर लेख व ग्रंथ विनामूल्य पुरविणाऱ्या सायहब व लिबजेन या संकेतस्थळांविरुद्ध प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. तीअन्वये तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सु. तेरा हजार नियतकालिके सार्वजनिक शिक्षणसंस्थांना खुली करण्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. किंमत व्यक्तीने न देता राज्याने द्यावी, असा हा तोडगा आहे. तो संशोधन-नियतकालिकांपुरता आहे. पाठ्यग्रंथ व प्रादेशिक भाषांतील साहित्य त्याच्या कक्षेबाहेर राहते.

हातप्रत, छायाप्रत व अंकीय प्रत या तिन्ही अवस्थांत प्रश्न एकच राहिला आहे. लेखकास लिहिण्याचे बळ मिळावे म्हणून प्रतीवर बंधन हवे आणि वाचकास शिकता यावे म्हणून त्या बंधनास मर्यादाही हवी. पूर्वी ही मर्यादा श्रमाने आपोआप घातली होती. आता ती प्रतीचे प्रयोजन, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि ग्रंथाची बाजारातील उपलब्धता यांचा विचार करून घालावी लागते. दिल्लीच्या निर्णयाने यांपैकी प्रयोजनाची कसोटी स्पष्ट केली. उरलेल्या दोहोंविषयी भारतीय न्यायालयांचा निर्णायक शब्द अद्यापि यावयाचा आहे.